एका इंग्रजी शब्दाची धांव

कांहीं वर्षांपूर्वीं कयाधूकांठच्या एका खेड्यांतील एक गृहस्थ सकाळच्या प्रहरीं आमच्या शाळेच्या दारांत येऊन उभे राहिले. रात्रभर त्यांचा डोळ्यास डोळा लागला नव्हता, हें मुद्रेवरूनच उघड दिसत होतें. त्यांचा वडील मुलगा पुण्याकडे एका कारखान्यांत नोकरीस होता. तेथील डॉक्टरनें दिलेली चार ओळींची इंग्रजी चिठ्ठी मुलाच्या सोबत्यानें, रजेच्या कामीं घरच्यांस लागेल म्हणून, पाकिटांत घालून गांवीं पाठविली होती. वर स्वतःचें एक अक्षरहि लिहिलें नव्हतें. घरांत इंग्रजी वाचणारा एकच, धाकटा मुलगा, आणि तो आमच्या आठवीच्या वर्गांतला. चिठ्ठींत 'रन डाउन' असे दोन शब्द होते. 'रन' म्हणजे धांवणें आणि 'डाउन' म्हणजे खालीं, हें त्यास पाठ होतें. परंतु तेवढ्यानें अर्थ लागेना, म्हणून त्यानें दप्तरांतला लहान कोश उघडला. तेथें पहिलाच अर्थ होता, 'गाडीखालीं चिरडणें'. मग काय विचारतां! घरांत रडारड झाली, आईनें अन्नपाणी सोडलें, आणि चुलते मिळेल त्या गाडीनें निघावें म्हणून अंधारांतच स्टेशनवर जाऊन बसले. आम्हीं चिठ्ठी वाचून पाहिली. डॉक्टरनें लिहिलें होतें तें इतकेंच कीं, मुलगा अतिश्रमानें थकून गेला आहे, त्यास पंधरा दिवस विश्रांति द्यावी.

धाकट्या मुलाची यांत चूक ती काय म्हणावी? 'रन' त्यास ठाऊक होता, 'डाउन' ठाऊक होता, कोशहि त्यानें पाहिला होता. आणि कोशांतला अर्थ कांहीं खोटा नव्हता. मोटारीनें माणसास पाडलें तरी इंग्रज हेच दोन शब्द वापरतो, माणूस श्रमानें झिजला तरी हेच, किल्ली संपून घड्याळ बंद पडलें तरी हेच, आणि शेजाऱ्याची पाठीमागें निंदा केली तरीहि हेच. मात्र चिठ्ठी डॉक्टरची होती, पुढच्याच ओळींत विश्रांतीची गोष्ट होती, आणि गाडीचें नांव कोठेंच नव्हतें. शब्दाच्या आजूबाजूस कोण बसलें आहे तें आधीं पाहावयाचें असतें, ही गोष्ट त्या मुलास कोणीं शिकविलीच नव्हती; आणि शिकविणारे तर आम्हीच होतों.

पालकमंडळी आम्हांस नेहमीं विचारतात कीं, मुलगा रोज वीस वीस शब्द पाठ म्हणून दाखवितो, मग त्यास इंग्रजी कां येत नाहीं? याचें उत्तर त्या वीस शब्दांच्या यादींतच आहे. डाव्या बाजूस एक इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस एक मराठी शब्द, आणि मध्यें बरोबरीच्या दोन रेघा, जणूं काय दोन्ही पारडीं समतोल झालीं! मोंढ्यांतील कांट्यावर हळदीचें पोतें असें तोलतां येतें. शब्द तोलतां येत नाहीं. मोल्सवर्थ व कँडी यांनीं तयार केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तो ज्यांनीं चाळला असेल त्यांस ठाऊकच आहे कीं, साध्यांतल्या साध्या इंग्रजी क्रियापदापुढें त्या विद्वानांस एका मराठी शब्दावर भागवितां आलें नाहीं, शब्दामागून शब्द द्यावे लागले. परीक्षेच्या बाजारांत मिळणाऱ्या गाइडांस मात्र एकाच शब्दावर भागवितां येतें, हें आश्चर्य!

'रन' हा शब्द तीन अक्षरांचा. इंग्रजांचें मूल तो बोलावयास लागल्यावर लवकरच शिकतें. परंतु ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक त्यापुढें महिनेचे महिने बसले. त्या कोशाची पहिली आवृत्ति १९२८ सालीं पुरी झाली, तेव्हां त्यांतील सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढें नव्या आवृत्तीचें काम चालू असतां पीटर गिलिव्हर या संपादकानें 'रन' हातीं घेतला. त्यास नऊ महिने लागले, आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ निरनिराळे अर्थ निघाले. ही गोष्ट २०११ सालीं प्रसिद्ध झाली. 'सेट'चा मान असा 'रन'कडे गेला. आमच्या मतें याचें कारण यंत्रें हें होय. गिरणी आली, आगगाडी आली, मोटार आली, वीज आली, आणि आतां संगणक आला. ज्या ज्या यंत्रानें माणसाचें काम उचललें, त्या त्या यंत्रास इंग्रजानें हेंच क्रियापद जोडून दिलें.

सहाशें पंचेचाळीस हा आंकडा ऐकून आमच्या विद्यार्थ्यांचें धैर्य खचूं नये. त्यांनीं या लेखाचा पहिला परिच्छेद पुन्हां वाचावा. 'डोळ्यास डोळा लागला नव्हता', 'रजेच्या कामीं लागेल', 'अर्थ लागेना', असें आम्हीं त्यांत लिहिलें आहे. एकच 'लागणें' तीन ठिकाणीं आलें, तीन निराळे अर्थ सांगून गेलें, आणि वाचतांना कोणासहि अडखळल्यासारखें झालें नसेल. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, लहान बाळास दृष्ट लागते, नवरीस हळद लागते. उभ्या पिकास पाणी लागतें, म्हणजे तें हवें असतें; खोदतां खोदतां विहिरीस पाणी लागतें, म्हणजे तें सांपडतें; आणि परगांवीं गेलेल्या माणसास तेथलें पाणी लागतें, म्हणजे तें बाधतें. 'गाडी लागली' असें फलाटावरील हमाल म्हणाला तर आपण सामान उचलतों, घाटांत एस. टी. मध्यें बसलेली आई तेंच म्हणाली तर आपण खिडकी उघडतों. हा भेद सेनगांवच्या कीं औंढ्याच्या चार वर्षांच्या मुलास कोणी यादी देऊन शिकविला? त्यानें तो ऐकून ऐकून, कोण बोलतें आणि कशाविषयीं बोलतें हें पाहून उचलला. ज्यास 'लागणें' येतें, त्यास 'रन' येण्याची बुद्धि देवानें अगोदरच दिलेली आहे. मराठी शाळेंतून आलेलीं कित्येक मुलें इंग्रजीच्या तासास मान खालीं घालून बसतात, त्यांस हें आम्हीं मुद्दाम सांगतों.

आतां शब्दाकडे वळूं. या शब्दाच्या मुळाशीं पायांनीं धांवण्याची कल्पना आहे, तशीच पाण्यानें वाहण्याचीहि आहे. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तींत 'रेनेन' म्हणजे धांवणें आणि 'रिनेन' म्हणजे वाहणें, असे एकाच घरचे दोन शब्द निरनिराळे राहिले आहेत. इंग्रजींत दोन्ही काम एकट्या 'रन'कडे आलें. म्हणून कयाधू हिंगोलीजवळून 'रन' होते ती वाहते. सर्दी झालेल्या मुलाचें नाकहि वाहतें. एका विद्यार्थ्यानें वहींत 'माझें नाक धांवत आहे' असें लिहिलें होतें, आणि वर्गाबरोबर आम्हांसहि हंसूं आवरलें नाहीं. तेविसाव्या स्तोत्रांतील पेला काठोकाठ भरून ओसंडतो, तेथें जुन्या इंग्रजी भाषांतरांत हेंच क्रियापद आहे. नव्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यांत जातो, तोहि रंगाचें पाण्याबरोबर वाहणेंच. ज्यांना हें विचित्र वाटतें त्यांनीं आपल्या संस्कृतकडे पाहावें. 'धाव्' या धातूचा एक अर्थ धांवणें, वाहणें असा आहे, आणि दुसरा अर्थ धुणें असा आहे. 'दंतधावन' हा शब्द आरोग्याच्या पुस्तकांत येतो, तेव्हां दांत कोठें पळत सुटत नाहींत!

दुसरा मोठा गट यंत्रांचा व व्यवहाराचा. येथें एक मौज दिसते: इंग्रज जेथें धांवतो, तेथें मराठी माणूस चालतो. त्याचें घड्याळ धांवतें, आपलें चालतें. त्याचें दुकान, त्याची शाळा, त्याचें नाटक, त्याचा करार, सर्व धांवतात; आपल्याकडे दुकान चालतें, शाळा चालते, नाटक शंभर रात्रीं चालतें, आणि करार अमुक सालापर्यंत चालूं राहतो. आगगाडी तेवढी दोन्ही भाषांत धांवते. पूर्णेहून वसमत, हिंगोली, वाशीम करीत अकोल्यास जाणारी गाडी मराठी वर्तमानपत्रांतहि धांवतेच, मग ती किती कां रेंगाळेना. घराण्यांत चालत आलेला गुण, आवाज म्हणा, रोग म्हणा, इंग्रजींत कुटुंबांत 'रन' होतो. येथें एक व्याकरणाची गोष्ट ध्यानांत धरावी, कारण चुका होतात त्या येथेंच. मराठींत यंत्र आपण होऊन चालतें आणि माणूस तें चालवितो; क्रियापदाचें रूपच बदलतें. इंग्रजींत रूप बदलत नाहीं, फक्त जागा बदलते. 'द मशीन रन्स' म्हणजे यंत्र चालतें. 'ही रन्स द मशीन' म्हणजे तो यंत्र चालवितो. क्रियापदाच्या पुढें कर्म आलें कीं 'चालणें' जाऊन 'चालविणें' आलें असें समजावें. 'माय फादर रन्स अ शॉप' याचें भाषांतर 'माझे वडील एक दुकान धांवतात' असें ज्यानें केलें, त्याची दृष्टि 'शॉप' या शब्दापर्यंत पोंचलीच नव्हती.

तिसरा प्रकार म्हणजे शेपटीचा. 'रन'च्या मागें लहानसा एखादा शब्द येऊन बसतो आणि सगळा अर्थ फिरवितो. 'रन आउट' झालेला फलंदाज धांवबाद होतो. पण घरांत मीठ 'रन आउट' झालें तर तें संपलें. 'रन शॉर्ट' म्हणजे तुटवडा पडणें. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखालीं घालणें, आणि दूध 'रन ओव्हर' झालें तर तें उतूं गेलें. 'रन इन्टू' हा तर फारच लबाड आहे. 'आय रॅन इन्टू माय अंकल ॲट वसमत' म्हणजे वसमतेस मामांची अवचित गांठ पडली. त्याच वाक्यांत मामांच्या जागीं विजेचा खांब घातला कीं बोलणारा इस्पितळांत पोंचतो. वाक्यांतील एक नाम बदललें, इतकेंच. 'रन अवे' म्हणजे पळून जाणें. त्यापुढें 'विथ' व एखादी वस्तु आली कीं ती घेऊन पळणें.

नाम म्हणूनहि हा शब्द फार फिरला आहे. 'इन द लाँग रन' म्हणजे दूरवर पाहतां, अखेरीस. 'रन ऑफ द मिल' म्हणजे सर्वसाधारण. गिरणींतून निघालेला माल प्रतवारी करण्यापूर्वीं जसा असतो तसा. हें आमच्या कापसाच्या मुलखांत कोणास समजावून सांगावयास नको. ठेवीदार घाबरून एकाच वेळीं पैसे काढावयास गेले म्हणजे बँकेवर 'रन' आली. निवडणुकींत तर एकाच भाषेच्या दोन घरांत मतभेद आहे: इंग्लंडांत उमेदवार निवडणुकीस उभा राहतो, अमेरिकेंत तो धांवतो. आपण या बाबतींत इंग्लंडकडचे. आपले उमेदवार उभे राहतात, धांवपळ करावयाची ती कार्यकर्त्यांनीं. आणि क्रिकेटची 'रन' कोणास माहीत नाहीं? प्रथम खरोखरीच धांवून मिळवावयाची म्हणून तिला तें नांव पडलें; पण चेंडू सीमेपार गेला कीं फलंदाज जागचा न हलतां त्याच्या नांवावर चार 'रन' लिहिल्या जातात. मूळ अर्थ मागें राहिला, शब्द पुढें गेला.

आमच्या मराठींत या 'रन'ची 'धांव' झाली, आणि चांगली झाली. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनीं आकाशवाणीवरून मराठींत क्रिकेटचें वर्णन केलें, तेव्हां 'धांवा', 'धांवसंख्या', 'धांवबाद' हे शब्द घरोघरीं झाले. त्या वर्णनासहि आपण 'धांवतें वर्णन' म्हणतों, तें इंग्रजीवरूनच. विमानाची 'धांवपट्टी' तशीच. मुलींच्या शिवणाच्या तासास जो 'धांवदोरा' शिकवितात, त्यासहि इंग्रजींत 'रन'चेंच नांव आहे.

परंतु 'धांव' ही कांहीं इंग्रजीची उष्टी घेऊन जगणारी नव्हे. तिचे स्वतःचे अर्थ आहेत, आणि ते इंग्रजी कोशांत मिळावयाचे नाहींत. विजेचे पंप येण्यापूर्वीं आमच्या जिल्ह्यांतल्या बागायती शेतांवर मोट चाले. विहिरीच्या कांठापासून शेताकडे उतरत जाणारी एक उतरणीची वाट असे. मोट भरली कीं बैल त्या उतरणीनें खालीं जात, त्यांच्या वजनाचा भार दोरावर येई, आणि पाण्यानें भरलेली चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यांत रिती होई. मग बैल उलट पावलीं वर येत. त्या वाटेचें नांव 'धांव'. धांवेवर कोणी धांवत नसे; बैल आपल्या चालीनें चालत. दुसरी धांव बैलगाडीच्या चाकाची. लांकडी चाक झिजूं नये म्हणून त्यावर लोखंडाची गोल पट्टी चढवीत. लोहार ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल होईतों तापवी, चिमट्यांनीं उचलून चाकावर ठोकून बसवी, आणि लागलीच वर पाणी ओती. लोखंड आंखडे आणि चाक घट्ट आंवळलें जाई. ही 'धांव' सैल झाली तर गाडीवान वाटेंत पाणी शोधी, चाक भिजवून लांकूड फुगावें म्हणून. आतां गाड्यांना रबरी टायर आले आणि हे दोन्ही अर्थ म्हाताऱ्यांच्या तोंडींच राहिले आहेत. 'सरड्याची धांव कुंपणापर्यंत' ही म्हण मात्र अजून जिवंत आहे.

आणि 'धांवा'? संकटांत सांपडलेला भक्त देवास 'धांव' म्हणून हांक मारतो, ती हांक म्हणजे धांवा. संतांनीं या प्रकारचे अभंग रचले आहेत. परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलेलें नरसी हें गांव आमच्याच जिल्ह्यांत आहे, तेथील यात्रेंत टाळमृदंगाच्या साथीनें असा धांवा ज्यानें ऐकला, त्यास या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. भक्त जागच्या जागीं उभा आहे आणि धांवावयाचें आहे तें देवानें, हा अर्थ 'रन' या शब्दास त्या सहाशें पंचेचाळीसांत कोठें लाभला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

शब्द एका भाषेंतून दुसरींत जातो तेव्हां सगळे अर्थ बरोबर नेत नाहीं, याचेंहि उदाहरण हिंगोलींतच आहे. निजामशाहींत येथें हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांमुळें इंग्रजी भाषा या गांवाच्या कानांवर तेव्हांपासून आहे. मेडोज टेलर या अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ठगांच्या जीवनावर एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें सांगितलें आहे कीं, हिंगोलीच्या छावणींतला एक प्रतिष्ठित व्यापारीच ठगांचा म्होरक्या निघाला, आणि टेलरनें स्वतः त्याच्याशीं देवघेव केली होती. अशा पुस्तकांच्या द्वारें 'ठग' हा शब्द इंग्रजी वाचकांच्या ओळखीचा झाला. आज इंग्रजींत त्याचा अर्थ दांडगाई करणारा गुंड असा आहे. गोड बोलून फसविण्याचा भाग, जो आपल्या 'ठग' शब्दाचा प्राण, तो वाटेंतच गळून पडला. इंग्रजी वर्तमानपत्रांत हा शब्द वाचून 'लबाड' असा अर्थ करणाऱ्या आमच्या मुलाचा गुण जातो तो असा. आपलाच शब्द आपणांस परका होऊन भेटतो.

त्या आठवीच्या मुलानें पुढें एक निराळीच वही घातली. तिच्यांत बरोबरीच्या रेघा नव्हत्या. एका पानावर वर एकच शब्द, आणि खालीं जेथें जेथें तो आढळला तेथलें सबंध वाक्य, मग तें पाठ्यपुस्तकांतलें असो, औषधाच्या बाटलीवरचें असो कीं स्टेशनवरील पाटीवरचें. अर्थ तो पेन्सिलीनें लिही, कारण तो पुढें बदलावा लागे. 'रन'चें पान भरून त्यास दुसरें पान जोडावें लागलें. त्या पानावरचें पहिलें वाक्य डॉक्टरच्या चिठ्ठींतलें होतें. त्याचा भाऊ पंधरा दिवस घरीं राहून, चार घास जास्त खाऊन, पुन्हां कामावर गेला.

आमच्या इतर विद्यार्थ्यांनींहि अशी वही घालावी. आरंभास पुढील वाक्यें देतों. यांचें मराठी करावें. मात्र 'धांवणें' हें क्रियापद एकाहि उत्तरांत येतां कामा नये.

द रोड रन्स थ्रू कळमनुरी.
द न्यू शर्ट रॅन इन द वॉश.
वुई रॅन शॉर्ट ऑफ प्लेट्स ॲट द वेडिंग.
हिज वर्ड्स रॅन इन माय माइंड ऑल नाइट.
शी रन्स द हाउस ऑन अ स्मॉल इन्कम.

शेवटच्या वाक्याचें मराठी आईस विचारून लिहिलें तरी चालेल. आणि ज्यांच्या घरीं जुनी विहीर आहे त्यांनीं मोटेची धांव किती हात लांब असे, तें आजोबांकडून समजून घेऊन वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणावें.